मृगापूर्वी उघडलेले पेव

वाईच्या मोटारतळावर मी पोहोचलो तेव्हा मोटारीच्या पाठीशी बसवलेल्या भट्टीत क्लीनर कोळसे घालीत होता. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून आमच्याकडच्या मोटारी कोळशाच्या वायूवर चालत, आणि सुटण्यापूर्वी त्यांना चुलीप्रमाणे फुंकून पेटवावे लागे. लढाईचे चौथे वर्ष चालू होते. उन्हाळ्याची सुटी संपत आली होती, आणि शाळेचे दार उघडण्याआधी मला सांगलीच्या पलीकडे जाऊन यायचे होते.

माझी थोरली बहीण, आक्का, आष्ट्याजवळच्या एका लहान गावात दिलेली आहे. तिच्या गावचा एक माणूस वाईच्या बाजारात बैल पाहायला आला होता. त्याने माझे घर शोधून काढले आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहून निरोप सांगितला.

"मास्तर, तुमच्या बहिणीनं सांगितलंय, मिरगाच्या आदी येऊन जा. पेवाचं बोलायचं हाय म्हनली."

यापुढचे त्याला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून सांगायचे नव्हते. मला मात्र तेवढ्याने पुष्कळ कळले.

ज्या वाचकांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढे अरुंद, आणि पोट रांजणासारखे मोठे. आतून कडबा आणि पाचट लावून त्यात शाळू (रब्बीची ज्वारी) भरतात, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपतात, आणि वारा लागला नाही तर तो शाळू वर्षानुवर्षे टिकतो. परंतु एकदा शिळा हलली की आतले सगळे धान्य बाहेर काढावेच लागते. एका दिवसाच्या भाकरीपुरते काढून पुन्हा झाकले, असे पेवाच्या बाबतीत होत नाही. शिवाय ते कोरड्या दिवसांतच उघडावे लागते. मृग लागण्यापूर्वी उघडले नाही, तर दसऱ्यापर्यंत त्याला हात लावता येत नाही.

आक्काच्या घरचे पेव दोन वर्षांपूर्वी, सुगी चांगली झाली तेव्हा, भरलेले होते. घरातला वरचा दाणा संपत आला असणार आणि आक्काचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, पेव उघडायला राजी नसणार, हे मी निरोपावरून ताडले. आक्काची सून हौसा नुकतीच बाळंत झाली होती. तिचा नवरा, माझा भाचा, पलटणीबरोबर समुद्रापलीकडे होता. तेव्हा दाजींशी बोलायला आक्काने मला बोलावले होते. मला, ज्याला स्वतःच्या वर्गाबाहेर चार वाक्ये सलग बोलायची म्हणजे घाम फुटतो. मोटारीत बसल्यापासून मी ती वाक्ये मनाशी जुळवीत होतो.

सातारा रोडला गाडी मिळाली. डब्यात उभे राहायलाही जागा नव्हती, परंतु बोलणे एकाच विषयावर चालले असल्यामुळे सगळे एकाच घरचे वाटत होते. कोणी कोणास गाव विचारीत नव्हते, "तुमच्याकडं काय भाव?" असे विचारीत होते. माझ्या समोर रजेवर आलेला एक शिपाई बसला होता. त्याने आपल्या मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

"लढाई कुठं ब्रह्मदेशात आणि उपास आमच्या कोरेगावात," एक म्हातारा म्हणाला. "रंगूनचा तांदूळ यायचा थांबला, तर आमच्या शाळूनं का म्हाग व्हावं? शाळू काय रंगूनला पिकतोय?"

"बाबा, मुंबैवाल्यांना तांदूळ मिळंना, मग ते ज्वारीवर आले," शिपाई म्हणाला.

"मग आमी कशावर जायाचं?"

"पलटणीत या. दोन्ही वक्ताला पोटभर मिळतंय."

"मला घेत्यात व्हय रं, ह्या वयात?"

"बंदूक न्हाई देनार. भाकरी भाजायला घेत्याल."

डबा हसला. म्हाताराही हसला, परंतु हसून झाल्यावर त्याने शिपायाला अगदी खालच्या आवाजात विचारले, "खरंच पोटभर देत्यात?" त्यावर मात्र कोणी हसले नाही.

कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागला. हिरवा, दाट, पाण्यावर पोसलेला. त्या उसाकडे पाहून पूर्वी डोळे निवत. या खेपेस खिडकीशी बसलेली एक बाई शेजारणीला म्हणत होती, "एवढ्या रानात जुंधळा (ज्वारी) असता तर!" ऊस चघळून लेकरू किती वेळ गप्प बसणार, असे ती पुढे म्हणाली. माधवनगरला उतरून मी टांग्याने सांगलीत आलो.

सांगलीची धान्यपेठ मी लहानपणापासून पाहिलेली आहे. पोत्यांच्या थप्प्या, उघड्या तोंडांच्या पोत्यांवर उभे केलेले दाण्याचे शंकू, त्यांत हात घालून दाणा तळहातावर घेणारी गिऱ्हाइके, असे तिचे रूप. त्या दुपारी दुकाने उघडी होती, गाद्या घातलेल्या होत्या, आणि पोती घड्या करून रचून ठेवलेली होती. एका दुकानदाराला मी ज्वारीचा भाव विचारला. घ्यायची नव्हती; आक्काकडे जाण्याआधी माहिती असावी, एवढाच हेतू.

"आत्ता घेणार का संध्याकाळी?" त्याने विचारले.

"का बरे?"

"आत्ताचा भाव आत्ताच्या मालाचा. आत्ता माल नाही. संध्याकाळी माल आला तर भाव संध्याकाळचा."

तो थट्टा करीत नव्हता. त्याच्या दुकानापुढे ओळीने बसलेल्या बाया माल येण्याची वाट पाहत होत्या, आणि मी भाव विचारताच त्या सगळ्या जणी माझ्याकडे वळून पाहू लागल्या. त्यांच्या नजरेत मी एक जास्तीचे गिऱ्हाईक होतो. मी मान खाली घालून तेथून निघालो.

आष्ट्याकडे जाणारी मोटार कृष्णेवरच्या पुलापाशी थांबली. तेथे संस्थानची हद्द सोडून इंग्रजी मुलखात जाणाऱ्यांची झडती होत असे, कारण परवान्यावाचून धान्य हद्दीपलीकडे न्यायला बंदी होती. हौसासाठी माझ्या पत्नीने आंबेमोहोर तांदळाचे लहानसे गाठोडे दिले होते. ते धोतरांच्या घडीत होते. नाक्यावरच्या शिपायाने ते बाहेर काढले, गाठ सोडली, आणि मला परवाना विचारला.

मी वाक्य जुळवू लागलो. हा तांदूळ संस्थानात खरेदी केलेला नसून वाईहून आणलेला आहे, सबब त्यास हा नियम लागू होत नाही, असे ते वाक्य होते. ते पुरे होण्याआधीच मागच्या बाकावरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "आवं, बाळंतिणीचा हाय त्यो! मूठभर तांदळात सरकार बुडतंय का?"

"तुला काय ठावं बाळंतिणीचा?" शिपाई म्हणाला.

"त्यांचं तोंड बघ की. स्वतःसाठी चोरून न्हेणारा मानूस असा घामाघूम हुतोय व्हय?"

शिपायाने तांदळाचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग गाठ पुन्हा बांधून त्याने गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले. "आमच्या घरी बी तांदूळ न्हाई, कन्याच शिजत्यात," तो म्हणाला, जणू मी त्याला काही विचारले होते. मोटार सुरू व्हायला वेळ लागला. आम्ही उतरून तिला ढकलले, तेव्हा तोही ढकलू लागला.

आक्काच्या दारात मी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. तिच्या गल्लीत समोरासमोर घरे आहेत, आणि दाजींच्या दारापुढे, गल्लीच्या मध्यावरच, पेवाची जागा आहे. बाहेरच्या माणसाला ती ओळखू येणार नाही. सारवलेली, थोडी उंचवट्याची जमीन, एवढेच. त्या उंचवट्यावर खाट टाकून शेजारची गंगूआत्ती बसली होती. ती वयाने माझ्या आईएवढी आहे.

"आलास का मास्तर? बहिनीनं बलावलं तवा आलास. आमी बलावलं तर याचा न्हाईस."

"तुम्ही केव्हा बोलावले, आत्ती?"

"बलावलं असतं, पर खायाला काय घालू? आता तुझी बहीन घालंल." आणि खाटेवरून तिने खालच्या जमिनीवर हात थोपटला. "ही म्हस आटली न्हाई अजून."

घरात शिरताच आक्काने माझ्या हातातले गाठोडे घेतले, आणि हौसाच्या खोलीत नेऊन ठेवले. जेवताना तिने माझ्या पानात भाकरी वाढली. ती कसली होती हे मला प्रथम कळले नाही. शाळूत बरेच काहीतरी मिसळलेले होते. ती तोंडात विरघळत नव्हती, फिरत राहत होती.

"चिंचोक्याचं पीठ हाय निम्मं," आक्का म्हणाली. "हौसाला बी हेच. अंगावर दूध येईना झालंय तिच्या. पोरगी रातभर रडती. आनि तिथं, दाराम्होरं, आपलंच हाय. आप्पा, तू बोल त्यांच्याशी. माझं ऐकत न्हाईत. मिरीग लागला म्हंजी दसऱ्यापत्तुर संपलं."

"ते काय म्हणतात?"

"काय म्हनतील? वर बघत्यात आनि रानात जात्यात."

संध्याकाळी दाजी रानातून आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझी विचारपूस केली आणि आम्ही दारात बसलो. गंगूआत्ती खाटेवर होती. समोरच्या घरचे दोघे-तिघे नेहमीप्रमाणे येऊन टेकले. ऊस, पलटण, वाईचा बाजार, असे बोलणे झाले, आणि मध्येच सगळे गप्प झाले. वाईपासून जुळवून आणलेले वाक्य बोलण्यास हीच वेळ योग्य आहे असे मला वाटले. मी अतिशय आदराने म्हणालो, "दाजी, मृग जवळ आला आहे. पेव उघडण्याविषयी आपला काय विचार आहे?"

गल्लीत कोणी हलले नाही. पुढे मला समजले की त्या गावात दुसऱ्याच्या पेवाचे नाव कोणी त्याच्या तोंडावर, चारचौघांत, काढीत नाही. पेव कोणाचे आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणीच बोलत नाही. मी घरचा पाहुणा. मी बोललो, त्या अर्थी घरात ठरले असणार, असेच सगळे समजले. समोरच्या घरच्या एकाने उठता उठता म्हटले, "मंग ज्ञानूला सांगाय पायजे. दोर त्याच्याकडंच हाय." ज्ञानू म्हणजे पेवात उतरणारा माणूस. दारामागे आक्काच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. दाजी माझ्याकडे पाहत होते. त्यांना राग आलेला नव्हता. रागापेक्षा ते मला अधिक कठीण गेले.

"सांगा," ते म्हणाले.

सकाळी ते मला बरोबर घेऊन रानात गेले. मोट चालू होती. उसाच्या कडेला बसल्यावर ते म्हणाले, "पाव्हनं, तुमी बोललात. तुमच्या बहिनीसाठी बोललात, मला कळतंय. आता माझं ऐका. गेल्या श्रावणात ओढा फिरला. गल्लीत घोट्याएवढं पानी हुतं. पानी उतरल्यावर मी शिळेच्या कडंला बोट घातलं. बोट आत गेलं."

"मग आतले धान्य?"

"कुनाला ठावं? मी एकट्यानं माती लिंपली, वरनं सारवलं. तुमच्या बहिनीला बी सांगितलं न्हाई."

"परंतु का?"

त्यांनी उसाचे एक पान सरळ चिरले. "त्या गल्लीत कुनाच्या घरात दोन दिसांच्या वर दाना न्हाई. तरी कुनी मुंबैला गेलं न्हाई, कुनी बैल इकाय काढला न्हाई. का? माझं पेव हाय म्हनून. रीत हाय आमची, पेव फुटलं की गल्लीतली बाई सूप घेऊन येती, आनि धन्यानं सूप भरायचं. रिकामं सूप माघारी गेलं असं आमच्यात झालं न्हाई. गंगूआत्ती तर त्याच्यावरच निजती. ते सडलंय असं कळलं, तर उद्याच्याला ही गल्ली राहील का? झाकलंय तवर भरलंय, पाव्हनं."

हौसाच्या खोलीतून रात्री ऐकलेले रडे माझ्या कानात होते, आणि ते त्यांच्याही कानात असणार. मी एवढेच म्हणालो की चूक माझी झाली. त्यावर ते म्हणाले, "चूक कशाची? मला धीर न्हवता. तुमी ढकललंत."

ज्ञानू दुपारी दोर आणि कंदील घेऊन आला. आत्तीची खाट हलवली. लिंपण फोडून दोन पहारींनी शिळा उचलली, आणि आतून जो वास आला त्याने पुढे वाकलेले सगळे मागे झाले. आंबूस, कोंदट, घशात बसणारा वास. दाजी जागेवरच उभे राहिले. गंगूआत्ती नाकाला पदर लावून म्हणाली, "पेव हाय ते! अत्तराची कुपी न्हवं."

लोक हसले. दाजी हसले नाहीत.

ज्ञानूने पेटता कंदील दोराला बांधून आत सोडला. तो थोडा खाली गेला आणि विझला. आत कोंडलेली हवा विषारी असते. कंदील जळत नाही तोपर्यंत माणूस उतरत नाही. "उद्या," ज्ञानू म्हणाला. आणि उरलेला सबंध दिवस त्या उघड्या तोंडाकडे पाहत गल्लीने काढला. धान्य तेथे होते, उघडे होते, आणि ते कसे आहे हे कोणासही सांगता येत नव्हते. बायका काही ना काही निमित्त काढून तेथून जात आणि जाताना श्वास ओढून घेत. हौसा बाळाला घेऊन दारात येऊन बसली. तिने मला विचारले, "मामा, वास वाईट म्हंजी दाना वाईटच असतोय का?" मी म्हणालो, "नसावा." तिने बाळाला पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील धान्यापर्यंत जळत गेला. ज्ञानू कमरेला दोर बांधून उतरला. गल्लीतले सगळे कडेने उभे होते. पहिली बुट्टी (वेताची टोपली) वर आली. तिच्यात दाणे नव्हते. काळी, बुरशी धरलेली ढेकळे होती. आक्काने माझा हात धरला. दुसरी बुट्टी तशीच. तिसरी तशीच. दाजी खाली बसले, अगदी सावकाश, गुडघ्यांवर हात टेकून.

"ज्ञान्या, अजून कड हाय का?" कोणीतरी ओरडले.

खालून आवाज आला, तो विहिरीतून यावा तसा घुमत आला. "थांबा की! कड लागलीया. मदी हात घालतोय."

मग जो वेळ गेला तो किती होता हे मी सांगू शकत नाही. दोर हलला. बुट्टी वर आली, आणि तिच्यात शाळू होता. पांढरा, कोरडा, टपोरा. आक्काने मूठभर घेऊन तोंडात टाकला आणि कडकन फोडला. तो आवाज मला ऐकू आला, म्हणजे बाकी सर्व किती शांत असेल ते वाचकांनी ओळखावे.

"ग्वाड हाय!" ती म्हणाली, आणि मग तिला रडू आले.

बुट्ट्यांमागून बुट्ट्या येऊ लागल्या. वरचे, भिंतींकडचे आणि तळाचे धान्य काळे पडले होते, मधले शाबूत होते. काळे एका बाजूला आणि चांगले दाजींच्या अंगणात, पोत्यांच्या पटांवर ओतले जात होते. रास वाढत होती तोपर्यंत सगळ्यांच्या जिभा सुटलेल्या होत्या. मग ज्ञानू वर आला, अंगावरची धूळ झाडीत म्हणाला, "झालं," आणि सगळ्यांनी त्या राशीकडे पाहिले. चांगली मोठी रास होती. परंतु तिला एक टोक होते आणि दुसरे टोक होते. मी एकेकाचे डोळे राशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाताना पाहिले.

सुपे आली. गंगूआत्तीचे सूप भले मोठे होते.

"आत्ती, लगनातलं सूप काढलंस व्हय?" समोरच्या घरच्याने टोमणा मारला.

"मंग? एवढ्या दिसांनी पेव फुटलं. धाकलं सूप आनून धन्याची अब्रू काढू?"

दाजींनी ते शिगोशीग भरले. गल्लीतली बाकीची सुपेही भरली. रास एका बाजूने बसली. आणि मग दोन बाया आल्या, ज्यांना मी ओळखत नव्हतो. त्या ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या होत्या, असे आक्का माझ्या कानात म्हणाली. त्यांनी सुपे पुढे केली. रीत गल्लीपुरती होती. त्यांना नाही म्हणता आले असते. दाजींचा हात राशीत थांबला. त्यांनी आक्काकडे पाहिले. आक्काने दारात बसलेल्या हौसाकडे पाहिले, मग दाजींच्या हातातून पाटी घेतली, आणि त्या दोघींची सुपे भरली. अर्धी भरली.

पहिली बाई अर्ध्या सुपाकडे पाहून निघून गेली. दुसरी थांबली. काळ्या ढेकळांच्या ढिगाकडे बोट करून म्हणाली, "त्यातलं थोडं न्हेऊ का? जनावराला."

"न्हे की," दाजी म्हणाले.

ती पदरात ढेकळे भरून घेऊन गेली. ती दूर गेल्यावर समोरच्या घरचा म्हणाला, "हिच्याकडं कुठलं जनावर?" गंगूआत्तीने त्याला गप्प केले. परंतु प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला होता.

त्या रात्री हौसाने निव्वळ शाळूची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. बाळाचे रडे मी झोपेपर्यंत ऐकले नाही. ज्यासाठी आक्काने मला बोलावले होते ते झाले होते. दसऱ्यापर्यंत, आणि नीट पुरवले तर दिवाळीपर्यंत, त्या घरातल्या बाळंतिणीच्या ताटात दाणा होता. हे मी मनाशी पुनःपुन्हा म्हटले, कारण सकाळी उठल्यावर घरात आणि गल्लीत जे दिसले ते या आनंदाशी जुळत नव्हते.

धान्य आतल्या खोलीत कणग्यांत (बांबूच्या उंच कोठ्यांत) भरले होते, आणि त्या खोलीला, जिला कधी कडीही नव्हती, कुलूप लागले होते. दाजी तिच्या दाराशी घोंगडे टाकून निजले होते. गल्लीतली जमीन पुन्हा सपाट करून सारवली होती, परंतु गंगूआत्तीची खाट तेथे नव्हती. तिने ती आपल्या दारात, आतल्या बाजूला, ओढून घेतली होती.

"आत्ती, वाऱ्याला नाही बसणार?" मी विचारले.

"दार सोडून कसं बसू, बाबा? सूपभर हाय आता घरात."

समोरच्या घरचा थोरला मुलगा मुंबईला गिरणीत जाण्याचे बोलत होता. काल रात्रीपर्यंत त्याने ते बोलणे काढले नव्हते. दाण्याची वाण होती तेव्हा ही माणसे निश्चिंत झोपत होती. आता प्रत्येकाच्या घरात थोडे थोडे आले होते आणि प्रत्येक जण दाराकडे पाहत होता. दाजी ज्याला भीत होते, ते धान्य चांगले निघूनही घडले होते.

मी निघालो त्या पहाटे आक्का चुलीपाशी बसून पीठ मळीत होती. ती आता फिरून फिरून कणगीत हात घालून किती उतरले ते चाचपून येत असे; मळता मळता एकदा तशी उठून गेली आणि परत आली. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "आप्पा, वाटंला किती भाकरी देऊ रं?"

तिचे लग्न होऊन ती या घरी आली तेव्हापासून मी येथे येतो आहे. निघताना मला शिदोरी बांधलेली असते. तीत किती भाकरी आहेत हे मला वाटेत ती सोडल्यावरच कळते; आक्काने कधी विचारलेले नव्हते. विचारून झाल्यावर तिचा हात पिठातच थांबला. तिलाही आपला प्रश्न ऐकू गेला होता.

"एक पुरे," मी म्हणालो.

"एकीनं काय हुतंय? दोन देते." तिने दोन भाजल्या, मोठ्या भाजल्या, वर तिखटाची चटणी ठेवली, आणि फडक्यात घट्ट बांधून माझ्या हातात दिल्या. हौसा बाळाला घेऊन ओसरीवर आली होती. बाळाने माझे बोट धरले. दाजी आष्ट्यापर्यंत पोहोचवायला आले आणि मोटार सुटताना म्हणाले, "पाव्हनं, काय मनात ठेवू नका. पोरगी तर झोपली." एवढे बोलून ते लगेच परतले; धान्यापाशी घरी बायकाच होत्या.

गाडीत माणसे पूर्वीसारखीच दाटलेली होती आणि बोलणेही तेच होते. मी एक भाकरी खाल्ली. वाईला पोहोचलो तेव्हा शेजारचे दोघे आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. आक्काच्या पेवाची गोष्ट माझ्या पत्नीकडून त्यांच्यापर्यंत गेली होती. "कसे निघाले?" त्यांनी उभे राहूनच विचारले. मी म्हणालो, "चांगले निघाले." ते ऐकून त्यांचे चेहरे उजळले. त्या धान्यातला एक दाणाही त्यांच्या वाट्याला येणार नव्हता, तरी कोठेतरी जमिनीतून चांगला शाळू निघाला, याचेच त्यांना समाधान झाले होते. ते बरे वाटून घरी गेले, आणि मी त्यांना अधिक काही सांगितले नाही.

पत्नीने पिशवी रिकामी केली. फडक्यात एक भाकरी तशीच होती, कडा वाळून कडक झालेली.

"भूक नव्हती का?" तिने विचारले.

भूक कराडपासून होती. ती भाकरी उद्यासाठी असू द्यावी असे मला वाटले होते. आणि उद्या मी माझ्याच घरी असणार, हे मला चांगले ठाऊक होते.